हरायलाही मैदान हवं!

मैत्रिणींनो, माझं सासर जळगाव आणि माहेर धुळं. त्यामुळे दोन बाजूंनी ओढाताण म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. १९०६ साली इंग्रजांनी अख्ख्या खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्वेचा कारभार जळगावला, पश्चिमेचा धुळ्याला. तेव्हापासून एकीकडे जन्मून दुसरीकडे नांदणाऱ्या आमच्यासारख्यांची जी पंचाईत झाली, ती आजतागायत आहे. भरीत कुणाचं चांगलं? शेवभाजी कुणाची झणझणीत? ऊन कुठलं जास्त? माहेरी गेले की मी 'जळगाववाली' आणि सासरी आले की 'धुळ्याची'!

पण गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एक नवीनच भांडण सुरू झालंय. मुंबई की दिल्ली? राजकारण नाही हो, क्रिकेट! आणि तेसुद्धा बायकांचं. मुंबई इंडियन्स आणि दिल्ली कॅपिटल्स या दोन संघांवरून मी आणि माझी भाची फोनवर तास तास भांडतो. मी मुंबईची, ती दिल्लीची.

पहिल्यांदा मी तिला म्हटलं, "अगं, आपली मुंबई सोडून दिल्ली काय?" तेव्हा सहावीत होती ती. लगेच म्हणाली, "फुई, हरमनप्रीत कुठली? पंजाबातल्या मोग्याची. ती खेळते मुंबईकडून. जेमिमा रॉड्रिग्ज कुठली? भांडुपला जन्मली, मुंबईत वाढली. ती खेळते दिल्लीकडून. मग आता सांग, आपली कोण?"

मी गप्पच बसले. नंतर भाजी निवडताना विचार केला, यात एवढं नवल ते काय? आपण तरी दुसरं काय करतो? जन्मतो एका गावात आणि जीव तोडून राबतो दुसऱ्याच गावासाठी. फरक एवढाच, की या मुलींना त्याचे पैसे मिळतात!

एका मॅचचे हजार रुपये

क्रिकेट न बघणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं मागचं सांगते. कंटाळू नका, गोष्ट आपलीच आहे.

आपल्याकडे बायका क्रिकेट खेळायला लागल्या त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. महिला क्रिकेटची संघटना १९७३ सालची, पहिली कसोटी १९७६ ची. पण तो सगळा संसार काटकसरीचा. पुरुषांचं क्रिकेट बघणाऱ्या मंडळाने बायकांचं क्रिकेट आपल्या पदराखाली घेतलं ते २००६ साली. त्याच्या आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, आपल्या मुली वर्ल्ड कपच्या फायनलपर्यंत जाऊन आल्या होत्या. तेव्हाची कर्णधार मिताली राज हिने पुढे सांगितलं, की त्या स्पर्धेत एका मॅचचे हजार रुपये मिळाले होते. हजार!

मग या मुलींनी पोट कशावर भरायचं? नोकरीवर. त्यातही रेल्वेच्या. भुसावळच्या मैत्रिणींना रेल्वेच्या नोकरीचं मोल मी काय सांगणार! वर्षानुवर्षं देशातला सगळ्यांत दणकट महिला संघ रेल्वेचा असायचा, कारण खेळणाऱ्या मुलींना तिथे पगार मिळायचा. हरमनप्रीत कौरसुद्धा २०१४ मध्ये मुंबईला पश्चिम रेल्वेत लागली होती.

पुरुषांची आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये. बायकांची डब्ल्यूपीएल, म्हणजे विमेन्स प्रीमियर लीग, यायला २०२३ उजाडलं. मोजून पंधरा वर्षं! पण आली ती वाजतगाजत. २५ जानेवारी २०२३ ला पाच संघ विकले गेले. मुंबईचा संघ ९१२ कोटी ९९ लाखांना, दिल्लीचा ८१० कोटींना. १३ फेब्रुवारीला खेळाडूंचा लिलाव झाला. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळुरूने सगळ्यांत जास्त, ३ कोटी ४० लाख देऊन घेतलं. दिल्लीने जेमिमाला २ कोटी २० लाख आणि रोहतकच्या शफाली वर्माला २ कोटी दिले. मुंबईने हरमनप्रीतला १ कोटी ८० लाखांना घेतलं. कुठे ते हजार रुपये आणि कुठे हे!

शफाली लहान होती तेव्हा मुलीला शिकवायला कुणी तयार होईना, म्हणून वडिलांनी तिचे केस मुलासारखे कापून तिला क्रिकेट शिकायला पाठवलं होतं. भाचीची ती पहिली लाडकी. तिच्यामुळेच ती दिल्लीची झाली.

पाडव्याच्या आठवड्यातली फायनल

मार्च २०२३ मध्ये आपल्या आयुष्यात दोन गोष्टी घडल्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि ही स्पर्धा सुरू झाली. त्या वर्षी सगळ्या मॅचेस मुंबई आणि नवी मुंबईत होत्या आणि बायका-मुलींना स्टेडियमवर प्रवेश फुकट होता. आपल्याला कुठलं मुंबईला जायला जमतंय! मी आपलं अर्धं तिकीट काढून, एरंडोल, पारोळा मागे टाकत पाडव्याला धुळ्याला गेले, ती रविवारपर्यंत राहिले. दुसऱ्या दिवशी कुरडया घालायच्या होत्या. गव्हाचा चीक काढून झाकून ठेवला होता. टीव्हीवर वहिनीची सिरियल, म्हणून आम्ही दोघींनी पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि फायनल लावली. २६ मार्च, ब्रेबॉर्न स्टेडियम. मुंबई विरुद्ध दिल्ली.

तोपर्यंत या दोघींचा हिशेब एक-एक झाला होता. ९ मार्चला मुंबईने दिल्लीला १०५ धावांत गुंडाळलं आणि आठ विकेट राखून जिंकली. २० मार्चला दिल्लीने उट्टं काढलं. मुंबईच्या १०९ धावा तिने नऊ ओव्हरमध्येच पार केल्या. दोघींचे गुण सारखेच, पण धावांच्या सरासरीत दिल्ली पुढे. स्पर्धेचा नियम असा, की पाच संघांत जो पहिला येतो तो थेट फायनलला जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्याने आपसात खेळायचं, त्यात जिंकेल तो फायनलला. म्हणजे दिल्ली आरामात आली आणि मुंबईला उत्तर प्रदेशच्या संघाला हरवून यावं लागलं.

फायनलमध्ये दिल्लीची अवस्था ७९ धावांत नऊ बाद. भाचीचे डोळे भरले. मी खुशीत! आणि तेवढ्यात शेवटची जोडी पेटली. एक राधा यादव, कांदिवलीच्या भाजीविक्रेत्याची मुलगी. दुसरी शिखा पांडे, गोव्याकडून खेळलेली, हवाई दलात अधिकारी असलेली. दोघींनी २४ चेंडूंत ५२ धावा कुटल्या, दोघीही शेवटपर्यंत बाद झाल्या नाहीत. भाची पाटावरून उठून नाचायला लागली. वहिनी सिरियल सोडून आमच्यात येऊन बसली, ती कायमचीच.

दिल्लीच्या १३१ झाल्या. मुंबईने त्या तीन चेंडू राखून गाठल्या. नॅट सिव्हर-ब्रंट या इंग्लंडच्या मुलीने नाबाद ६० केल्या. पहिला चषक मुंबईचा, सहा कोटींचं बक्षीस मुंबईचं. मी टाळ्या वाजवल्या, भाची न जेवता झोपली.

वायनाडच्या दोघी

दुसरं वर्ष, २०२४. स्पर्धेची पहिलीच मॅच मुंबई-दिल्ली, २३ फेब्रुवारीला बंगळुरूत. दिल्लीच्या १७१. पाठलाग करताना मुंबईला शेवटच्या चेंडूवर हव्या होत्या पाच धावा, आणि हरमनप्रीत आदल्याच चेंडूवर बाद. मैदानात कोण आलं? सजना सजीवन. केरळातल्या वायनाडची, आदिवासी कुटुंबातली मुलगी. २०१८ च्या महापुरात तिचं घर आणि खेळाचं सगळं सामान गेलं होतं. मुंबईने तिला १५ लाखांना घेतलं होतं. या स्पर्धेतला तिच्या आयुष्यातला तो पहिलाच चेंडू. तिने तो उचलून बाहेर भिरकावला. सिक्सर!

जळगावला मी एकटीच ओरडले. यांना वाटलं, कुकर उडाला.

गंमत बघा, वायनाडमधल्या मानंतवाडीचीच दुसरी मुलगी, मिन्नू मणी, दिल्लीच्या संघात. एकाच मुलखातल्या दोघी, एक इकडे, एक तिकडे. केरळातल्या त्या डोंगरी भागात तेव्हा किती घरांत आमच्यासारखं भांडण झालं असेल, कोण जाणे!

पुढे ५ मार्चला दिल्लीने मुंबईला २९ धावांनी हरवलं. त्यात जेमिमाने ३३ चेंडूंत नाबाद ६९ धावा केल्या, म्हणजे मुंबईच्याच मुलीने मुंबईला धुतलं. त्या वर्षीही दिल्ली पहिली, थेट फायनलमध्ये. मुंबई मात्र बंगळुरूकडून पाच धावांनी हरून बाहेर. मला वाटलं, चला, यंदा भाचीचा चषक. पण नाही. फायनलला बंगळुरूने दिल्लीला आठ विकेटनी हरवलं.

भाचीचा फोन आला नाही. मीच केला. म्हणाली, "फुई, पुढच्या वर्षी."

चार-चार, तरी दोन-शून्य

२०२५ ला दिल्लीने मुंबईला दोनदा पाणी पाजलं. १५ फेब्रुवारीला वडोदऱ्यात तर शेवटच्या चेंडूवर. दोन धावा हव्या होत्या. अरुंधती रेड्डीने फटका मारला, धावली, दुसरी धाव घेताना जमिनीवर झोकून दिलं. स्टंपवर बेल्स आधी उडाल्या की तिची बॅट आधी पोचली? तिसऱ्या पंचाने टीव्हीवर पुन्हा पुन्हा बघून सांगितलं, नाबाद. दिल्ली जिंकली. आमच्याकडे त्यावर महिनाभर वाद चालला. मग २८ फेब्रुवारीला नऊ विकेटनी पुन्हा दिल्लीच.

गुण परत दोघींचे सारखे आणि परत दिल्ली पहिली. सलग तिसऱ्यांदा! १५ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, ब्रेबॉर्नवरच फायनल. पुन्हा मुंबई-दिल्ली.

मुंबईची सुरुवात वाईट, १४ धावांत दोघी बाद. हरमनप्रीतने ४४ चेंडूंत ६६ धावा काढून डाव सावरला. मुंबईच्या १४९. दिल्लीकडून दक्षिण आफ्रिकेची मारिझान काप २६ चेंडूंत ४० करून गेली. ती होती तोवर जीव टांगणीला लागला होता. पण दिल्ली १४१ वर थांबली. आठ धावा कमी पडल्या.

आता मैत्रिणींनो, एक हिशेब मांडते. पहिल्या तीन वर्षांत मुंबई आणि दिल्ली एकमेकींशी आठ वेळा खेळल्या. चार मुंबईने जिंकल्या, चार दिल्लीने. अगदी तराजूत मोजल्यासारखं. पण चषक? दोन मुंबईकडे, दिल्लीकडे शून्य. वर्षभर पहिला नंबर काढणारी मुलगी बोर्डाच्या पेपरलाच अडखळावी, तसं झालं दिल्लीचं. आणि जग कुणाला लक्षात ठेवतं? चषकवालीला!

त्या रात्री मी भाचीला समजवायला फोन केला. वाटलं, रडत असेल. रडत होतीच. पण दिल्लीसाठी नाही.

"नशिबात नव्हतं"

झालं होतं असं. त्याच हिवाळ्यात भाची शाळेच्या संघातून पहिल्यांदा खेळली होती. गल्लीत पोरांबरोबर खेळून हात बसलेला, म्हणून शाळेने घेतलं. पहिल्याच मॅचला संघ हरला. हिने दोन धावा केल्या आणि एक सोपा झेल सोडला. घरी आल्यावर दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिला काही रागावला नाही. डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "झालं ना खेळून? हौस भागली. आता अभ्यासाला लाग." मग तिची प्रॅक्टिस बंद. कारणं तयारच होती. दिवस लवकर मावळतो, परत यायला अंधार होतो, बरोबर दुसरी मुलगी नाही, मोठी होत चाललीय. खोटं एकही नव्हतं.

मार्चमधल्या त्या रात्री ती फोनवर म्हणाली, "फुई, दिल्ली तीनदा हरली ना? तरी पुढच्या वर्षी खेळेलच ना? त्यांना कुणी म्हणणार नाही, झालं ना खेळून म्हणून."

मी काय बोलणार? फोन ठेवला आणि मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली.

बी.कॉम. झाल्यावर मी बँकेच्या परीक्षेला बसले होते. थोडक्यात राहिले. घरात कुणी एका शब्दाने बोललं नाही. आईने उलट शिरा केला. म्हणाली, "असू दे बाई, नशिबात नव्हतं." पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. दादासुद्धा त्याच सुमारास सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होता. पहिल्यांदा गेला. दुसऱ्यांदाही गेला. दोन्ही वेळा घरात एकच वाक्य ऐकू आलं, "पुढच्या वर्षी होईल." तिसऱ्यांदा तो लागला, आणि आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले. मीही वाटले. आनंदाने वाटले, खोटं कशाला बोलू?

म्हणजे बघा, दोघांवर प्रेम सारखंच. शिरा मला, पेढे त्याला. फक्त एक गोष्ट त्याला मिळाली आणि मला नाही. हरून परत बसायची मुभा.

मला वाटतं, पोरीच्या जातीचं खरं अडतं ते इथे. जिंकणाऱ्या मुलीचं कौतुक आता गावोगाव होतं, सत्कार होतात, फ्लेक्स लागतात. पण मधल्या मधली? जिने दोन धावा केल्या आणि झेल सोडला? मुलगा हरला तर तो शिकतोय आणि मुलगी हरली तर तिची हौस फिटली! कुठलाही खेळाडू आधी हरतच शिकतो. ज्या मुलीला पहिल्याच हारेला घरी बसवलं, ती जिंकेल कधी? ज्या मुली आज कोटींत खेळतात, त्या आधी किती वेळा हरल्या असतील, ते कुणी मोजलेलं नाही. त्यांना कुणीतरी 'पुढच्या वर्षी' म्हणणारं भेटलं, एवढं मात्र नक्की.

आखाजीचा झोका

३० एप्रिलला आखाजी होती. आखाजीला खान्देशात लेकीबाळींचं राज्य! माहेरी गेले. सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला, झोके घेऊन झाले. दुपारी दादा पंख्याखाली पडला होता, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, तू परीक्षेला किती वेळा बसला होतास रे?"

"तीनदा. का गं?"

"काही नाही. मी एकदाच बसले होते."

तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. भांडण नाही झालं आमचं. तो म्हणाला, "अगं, पण अंधाराचं काय? एकटी येते ती." खरंच होतं ते. मैदानातून परत येणारी पोर सुखरूप घरी पोचणं, हे चषकापेक्षा मोठं असतं बापाला.

तेवढ्यात ओट्यावरून आई बोलली. तिला वाटत होतं आम्हाला, की झोपलीय म्हणून. "तू बी दोनदा पडना व्हता ना रे? मंग तिले बी खेयू दे!"

मार्ग काढला तो वहिनीने. तिच्या वर्गातल्या आणखी एका मुलीच्या आईला तिने गाठलं. तिच्याही मुलीला खेळायचं होतं, पण 'बरोबर कुणी नाही' म्हणून तीही घरीच! दोघींनी स्कूटीच्या पाळ्या लावल्या. सोमवार-बुधवार वहिनी, मंगळवार-गुरुवार ती. जूनपासून दोन्ही पोरी मैदानावर जायला लागल्या. अडचण एवढीच होती बघा. दोन घरांतल्या दोन बायकांनी एकमेकींना विचारायचं बाकी होतं.

तुळशीच्या लग्नाची रात्र

आणि मग २०२५ चा तो वर्ल्ड कप! आपल्याकडेच होता. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया, पाठलाग ३३९ धावांचा. जेमिमा त्याच स्पर्धेत आधी एका मॅचला संघाबाहेर बसली होती. त्या रात्री तिने नाबाद १२७ केल्या. आणि तिच्या जोडीला कोण? हरमनप्रीत, ८९ धावा. ज्या दोघींवरून आम्ही तीन वर्षं भांडलो, त्या दोघींनी मिळून १६७ धावांची भागीदारी केली. मी मुंबई म्हणून ओरडू की दिल्ली?

२ नोव्हेंबरला फायनल. त्या दिवशी तुळशीचं लग्न होतं. पावसामुळे मॅच उशिरा, पाच वाजता सुरू झाली. मंगलाष्टकं म्हणून, ऊस-चिंचा-आवळे वाटून आम्ही टीव्हीपुढे बसलो ते मध्यरात्रीपर्यंत. शफाली तर सुरुवातीला संघातच नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐन वेळी तिला बोलावलं. तिने फायनलला ८७ धावा केल्या. वर हरमनप्रीतने तिच्या हातात चेंडू दिला, तर दोन विकेटही काढल्या. मुंबईच्या कर्णधाराने दिल्लीच्या मुलीवर विश्वास टाकला आणि तो फळला. दीप्ती शर्माने पाच विकेट घेतल्या. शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला. दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली. आपल्या बायकांचा पहिला वर्ल्ड कप!

समोरच्या संघात मारिझान काप होती. आठ महिन्यांपूर्वी दिल्लीसाठी ४० धावा करून रडवेली झालेली भाची त्या दिवशी तिची विकेट पडावी म्हणून देव पाण्यात घालून बसली होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "फुई, एका परीने बरंच आहे. वर्षभर एकमेकींशी खेळून त्यांना एकमेकींचं सगळं माहीत झालं." पोर शहाणी होत चाललीय.

आपल्याकडे म्हणतात ना, बाईच बाईची वैरीण. मला तर या दोन संघांकडे बघून उलटंच वाटायला लागलंय. वैर असावं तर असं! मैदानात सोडायचं नाही, पण समोरची चांगली खेळली म्हणूनच आपणही वाढतो, हे विसरायचं नाही. दिल्ली इतकी चिवट नसती, तर मुंबईच्या त्या दोन चषकांना काय किंमत राहिली असती?

पुढच्या वर्षी

२०२६ च्या हंगामासाठी दिल्लीने जेमिमाला कर्णधार केलं. भाचीला वाटलं, आता तरी! दिल्ली सलग चौथ्यांदा फायनलला पोचली आणि बंगळुरूकडून हरली. चार वर्षं, चार फायनल, चारही हार. मुंबई त्या फायनलला नव्हतीच, तरी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिल्लीसाठी वाईट वाटलं. बहुतेक मी फितूर व्हायला लागलेय!

त्याच हिवाळ्यात भाचीच्या शाळेचा संघही खेळला. पहिली मॅच जिंकला, दुसरी हरला. तिने एकवीस धावा केल्या. झेल या वेळी घेतला.

संध्याकाळी फोन आला. मी धास्तावलेच. पण आवाज स्वच्छ होता.

"फुई, हरलो."

"मग?"

"मग काय? मंगळवारपासून परत प्रॅक्टिस."

मागून दादाचा आवाज आला. वहिनीला विचारत होता, "मंगळवारी पाळी कुणाची आहे गं? जमत नसेल कुणाला तर मी जातो घ्यायला."

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारी, भावकीत एखादी पोर नुकतीच हरून घरी आली असेल. खेळात असेल, परीक्षेत असेल, कशातही असेल. तिला शिरा जरूर करून घाला. फक्त त्याबरोबर 'नशिबात नव्हतं' म्हणू नका. 'पुढच्या वर्षी' म्हणा. आणि तिला घ्यायला कोण जाणार, त्याची पाळी लावा.